अल्बिनिझम असलेल्या मुलाला कमी दिसतंय हे ओळखायचं कसं, आणि मग घरी-शाळेत करायचं काय

माझ्या मुलीला अल्बिनिझम आहे, म्हणजे जन्मापासूनच शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी आहे. आता ती अकरा वर्षांची आहे. ती पुस्तकात अक्षरशः नाक खुपसून वाचते, आणि लांबचं काही बघायचं असलं की मान उजवीकडे वळवून तिरकं बघते. सुरुवातीची दोन-अडीच वर्षं मी या दोन सवयी मोडायच्या मागे हात धुवून लागले होते. "मान सरळ कर", "पुस्तक लांब धर", दिवसातून पन्नास वेळा. मग एका लो व्हिजन (चष्मा लावूनही कमी दिसणाऱ्यांच्या) तपासणीत तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि नंबर तपासणाऱ्या ताईंनी मला शेजारी बसवलं, पोरीला तिच्या पद्धतीने मान वळवून चार्ट वाचू दिला, आणि नंतर हलकेच तिची हनुवटी धरून मान सरळ केली. दोन ओळी गेल्या. तेच डोळे, तोच चष्मा, तोच चार्ट, फक्त मान सरळ, आणि दोन ओळी कमी. मी ज्याला वाईट सवय म्हणत होते तो तिने स्वतः शोधलेला उपाय होता.

तेव्हापासून मी उलटं करते, आधी पोरगी काय करतेय ते बघते आणि मग त्याभोवती चष्मा, उजेड, अक्षरांचा साइज वगैरे बसवते. खाली लिहिलंय ते सगळं त्याच क्रमाने आहे.

आधी डोळ्यात नक्की काय वेगळं असतं

हे दोन मिनिटांत समजून घ्या, नाहीतर "चष्मा लावला की बरं होईल" या आशेवर वर्षं जातात. मेलॅनिन फक्त कातडीला आणि केसांना रंग देत नाही, डोळा घडतानाही ते लागतं. ते कमी असलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला सगळ्यात बारीक बघणारा भाग, फोव्हिया, पूर्ण तयार होत नाही. बारीक दिसणं कमी होतं ते मुख्यतः यामुळे, आणि चष्म्याचा नंबर कितीही अचूक काढला तरी फोव्हिया तयार होत नाही. दुसरं, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचे धागे नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात विरुद्ध बाजूला जातात, त्यामुळे दोन्ही डोळे मिळून खोली मोजण्याचं काम नीट होत नाही आणि तिरळेपणाही येऊ शकतो. तिसरं म्हणजे डोळ्याचा रंगीत भाग खिडकीच्या पडद्यासारखा उजेड अडवतो, तो इथे अडवत नाही, आत नको तितका उजेड शिरतो. आणि चौथं, डोळे सतत हलतात, त्याला निस्टॅग्मस म्हणतात.

जगभरात साधारण १७ ते २० हजारांत एकाला अल्बिनिझम असतं. लोक कोड म्हणून मोकळे होतात, पण कोड वेगळं, ते नंतर येतं आणि त्याचा नजरेशी असा संबंध नसतो. डोळे लालच असतात हाही गैरसमज, बहुतेकांचे निळे, करडे किंवा तपकिरी असतात. आणि एक प्रकार असा आहे की ज्यात कातडी-केस जवळपास घरच्यांसारखेच असतात आणि फक्त डोळ्यांवर परिणाम होतो, हा बहुतेक करून मुलग्यांमध्ये दिसतो. ही मुलं सगळ्यात जास्त सुटतात, कारण बघून कोणाला शंकाच येत नाही.

चांगली बातमी ही की अल्बिनिझममुळे कमी झालेली नजर वयाबरोबर घटत जात नाही, उलट लहानपणी थोडी सुधारते.

ओळखायचं कसं

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघतच नाही असं वाटू शकतं. मला तर वाटलं होतं हिला दिसतच नाही. अल्बिनिझममध्ये नजर "जागी व्हायला" उशीर होऊ शकतो, आणि चार-सहा महिन्यांत बाळ अचानक बघायला लागतं. साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान डोळे हलायला लागतात, आधी मोठे संथ झोके, झोपाळ्यासारखे, आणि पुढे काही महिन्यांत ती हालचाल बारीक आणि जलद होत जाते. बघवत नाही खरं तर, पण बाळाला जग हलताना दिसत नसतं, मेंदू लहानपणापासून त्याची सवय करून घेतो.

पुढे काय बघायचं: उन्हात आणलं की डोळे गच्च मिटणं किंवा तोंड खांद्यात लपवणं, फोटोत फ्लॅशने डोळे इतरांपेक्षा जास्त लालसर चमकणं, वस्तू उचलताना हात थोडा पुढे-मागे पडणं, पायरी उतरताना थबकणं, रंग बदलला की सपाट जमिनीवरही पाय उचलून टाकणं, आणि लांबून हात केला तर ओळख न दाखवणं पण आवाज दिला की लगेच हसणं. हे शेवटचं फार फसवं आहे, कारण आपण आवाज न करता कधी येतच नाही. एकदा बिनआवाज दारात उभं राहून बघा. माझी आई म्हणायची "हिला मेलं सगळं दिसतं", आणि मग ती स्वतः एक दिवस चप्पल न वाजवता दारात दोन मिनिटं उभी राहिली, नात पाच फुटांवर खेळत होती, तिने मान वर केली, आजीकडे बघितलं आणि परत खेळायला लागली.

घरी एक वही करा. डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय म्हणून नाही, त्यांच्या हातात द्यायला म्हणून. रोज एकच नोंद चालेल: काय वस्तू, कुठल्या रंगाच्या पृष्ठभागावर, उजेड कुठून, किती अंतरावरून दिसली. आम्ही गडद चादरीवर पांढरा मोठा मणी ठेवायचो आणि ती कुठून त्याच्याकडे सरकते ते बघायचो, मग तोच मणी फिक्या चादरीवर. गडदवर सहा फुटांवरून सापडणारा मणी फिक्यावर दोन फुटांवर आला तरी सापडत नव्हता. म्हणजे प्रश्न नुसत्या साइजचा नाही, रंगातल्या फरकाचाही आहे, आणि हे चार्टवर कळत नाही.

तपासणीला जाताना

लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर आणि शक्य असेल तर लो व्हिजन क्लिनिक, दोन्ही हवेत. पहिले आजार आणि नंबर बघतात, दुसरे "आहे त्या नजरेत काम कसं करायचं" ते बघतात. पहिली तपासणी बाळ काही महिन्यांचं असतानाच व्हावी, "मोठी होऊ दे मग बघू" ऐकू नका.

थेंब घालून नंबर काढून घ्याच. लहान मुलं डोळ्यावर ताण देऊन नंबर लपवतात, थेंबांनी ते थांबतं. अल्बिनिझममध्ये मोठे प्लस नंबर, मोठे मायनस नंबर आणि सिलिंडर सगळंच भरपूर सापडतं. चष्मा नजर ६/६ म्हणजे इतरांसारखी करणार नाही पण जे मिळणं शक्य आहे ते मिळू देतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत याला फार किंमत आहे, कारण मेंदू तेव्हा बघायला शिकत असतो. लहानपणी साधारण दर सहा महिन्यांनी नंबर बघून घ्या. बोलू न शकणाऱ्या बाळाचीही नजर मोजता येते, रेघांची कार्डं दाखवून बाळ कुठे बघतं ते टिपतात, पुढे चित्रांचे चार्ट येतात. निदान पक्कं करायला पडद्याचा ओसीटी स्कॅन, नसांचा मार्ग बघायला व्हीईपी आणि जनुकीय तपासणी होऊ शकते, सगळ्यांना सगळं लागतंच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक डोळा झाकला की बऱ्याच मुलांचा निस्टॅग्मस वाढतो, आणि मग जो आकडा येतो तो खोटा वाईट येतो. शाळेतल्या एका तपासणीत माझ्या मुलीचा एक डोळा पुठ्ठ्याने झाकला, मान सरळ करायला लावली, आणि कागदावर जो आकडा लिहिला तो बघून मी रात्रभर झोपले नव्हते. म्हणून स्पष्ट सांगा: आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मुलाला हवी तशी मान ठेवू देऊन मोजा, जवळचं आणि लांबचं वेगवेगळं मोजा, आणि मग एकेका डोळ्याला झाकण्याऐवजी धूसर काच लावून मोजता येईल का विचारा. रंगफरकाची म्हणजे कॉन्ट्रास्टची तपासणीही मागा.

अल्बिनिझममध्ये नजर बहुतेकदा ६/१८ ते ६/१२० च्या दरम्यान कुठेतरी असते, एकाच घरातल्या दोन भावंडांचीही वेगळी असू शकते.

तो आकडा वापरायचा कसा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा डोक्यात शिरलं. ६/६० म्हणजे इतरांना जे ६० मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवरून दिसतं, दहापट जवळ जावं लागतं. आता वर्गात पहिला बाक फळ्यापासून २ मीटरवर आहे असं धरा. पहिल्या बाकावर बसूनही हिला फळा तसा दिसतो जसा इतर मुलांना २० मीटरवरून दिसेल. वीस मीटर म्हणजे वर्गाच्या बाहेर, कॉरिडॉरच्याही पलीकडे! "पहिल्या बाकावर बसवलंय की" एवढ्यावर विषय संपत नाही, तो तिथून सुरू होतो.

या हिशोबातून तीन रस्ते निघतात. जवळ जा, मोठं करा, किंवा बोलून सांगा. बाकी सगळी साधनं याच तिघांची रूपं आहेत.

जवळ जाणं सगळ्यात सोपं. अंतर निम्मं केलं की अक्षर दुप्पट मोठं होतं, एक पैसा लागत नाही. त्याने डोळे खराब होत नाहीत. टीव्हीला चिकटून बसलं तरी नाही. आणि जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळतात तेव्हा बऱ्याच मुलांचा निस्टॅग्मस थोडा शांतही होतो, म्हणून जवळचं लांबच्यापेक्षा बरंच चांगलं दिसतं. फक्त एक आहे, १० सेंटिमीटरवर वाचायचं तर डोळ्याला १० डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते माप) जोर लावावा लागतो. लहान मुलं तो लावतात पण दिवसभर नाही, मोठा प्लस नंबर असेल आणि चष्मा नीट नसेल तर आणखी अवघड, मग डोकं दुखतं, वाचायचा कंटाळा येतो आणि आपण म्हणतो अभ्यास नको म्हणून नाटकं करतेय. अशा वेळी बायफोकल किंवा वाचायचा वेगळा चष्मा मागा. उलट मायनस ५ वाला मुलगा चष्मा काढून २० सेंटिमीटरवर वाचत असेल तर वाचू द्या, त्या अंतरावर त्याला चष्म्याशिवायच स्वच्छ दिसतं.

जवळ जायचं म्हणून मूल बाकावर दुमडून बसतं आणि पाठ-मान जाते. पुस्तक मुलाकडे आणा, मूल पुस्तकाकडे नको. तिरकं रीडिंग स्टँड किंवा उतरतं डेस्क, या एका वस्तूने आमच्याकडे संध्याकाळची मानदुखी थांबली.

मोठं करताना अंदाजाने "सगळं ए-थ्रीवर झेरॉक्स" करू नका. मूल जेमतेम वाचू शकतं तो सर्वात लहान साइज शोधा आणि त्याच्या साधारण दुप्पट द्या. ९ पॉइंट कसंबसं वाचत असेल तर १८ पॉइंट आरामात वाचेल. गरजेपेक्षा मोठं दिलं तर एका नजरेत कमी शब्द मावतात, वाचणं मंदावतं. झेरॉक्स मोठी केली तर अक्षरं फिकट होतात हेही लक्षात ठेवा, मूळ फाइल मिळाली तर तीच मोठ्या फाँटमध्ये छापा. कागद चकचकीत नको, अक्षरांच्या मागे चित्र नको, ओळींमध्ये मोकळी जागा हवी कारण दाटीवाटीची अक्षरं या डोळ्यांना एकमेकांत शिरल्यासारखी दिसतात.

साधनं

कागदावर सरळ ठेवायचं घुमटासारखं भिंग, डोम मॅग्निफायर, लहान मुलांसाठी सगळ्यात सोपं. हातात धरावं लागत नाही, अंतर जुळवावं लागत नाही, उजेडही आपोआप गोळा करतं. लांबचं बघायला एका डोळ्याची छोटी दुर्बीण येते, मोनोक्युलर. ४ पट वाली घेतली तर ६/६० चं साधारण ६/१५ होतं, फळा, पाट्या, बसचा नंबर वाचता येतो. पण जेवढी जास्त पट तेवढं दिसणारं वर्तुळ छोटं आणि हाताचं हलणं मोठं, म्हणून ८ पट पासून सुरुवात करू नका. आणि ती शिकवावी लागते. आधी स्थिर बसून मोठी वस्तू शोधणं, मग फोकस, मग भिंतीवर एका रेषेत सरकत वाचणं, आणि फळ्यावरून उतरवून घेणं सगळ्यात शेवटी. आम्ही घाई केली, ती दुर्बीण वर्षभर दप्तराच्या तळाशी होती.

खरं सांगू का, आजकाल टॅबलेटचा कॅमेरा निम्मं काम करतो. फळ्याचा फोटो, बोटांनी झूम, बास. फोन-कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटी उघडा आणि मुलाला स्वतःला खेळू द्या: मोठा फाँट, ठळक अक्षरं, मोठा कर्सर, काळ्यावर पांढरी अक्षरं, मजकूर वाचून दाखवणं. पांढऱ्या स्क्रीनचा झोत त्रास देतो त्यामुळे बरीच मुलं काळी स्क्रीन निवडतात, पण सगळी नाही, माझी नाही निवडत. लिहायला गडद जाड टोकाचं पेन आणि ठळक रेघांची वही, फिकट निळ्या रेघा तिला नसल्यातच जमा.

उजेड

इथे गंमत आहे. या मुलांना झगमगाट नको पण अंधारही नको, वाचायला चांगला उजेड लागतोच. उजेड मागून किंवा खांद्यावरून कागदावर पडावा, डोळ्यांत नाही. खिडकीकडे तोंड करून बसवू नका, आणि शिक्षक खिडकीसमोर उभे राहिले तर ते फक्त काळी आकृती दिसतात हे त्यांना सांगा. उन्हासाठी रुंद काठाची टोपी, काठाची खालची बाजू गडद असेल तर जमिनीवरून येणारी चमक कमी होते, शिवाय यूव्ही ४०० चा (उन्हातले अतिनील किरण अडवणारा) गॉगल किंवा टिंटचा म्हणजे रंगीत काचेचा नंबरचा चष्मा. टिंट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, मुलाला बाहेर उन्हात नेऊन दोन-तीन रंग लावून बघा. घरात गडद काच नको, आहे तीही नजर कमी होते. आपोआप काळ्या होणाऱ्या काचा गाडीत नीट काळ्या होत नाहीत कारण समोरची काच यूव्ही अडवते, आणि आत आल्यावर पांढऱ्या व्हायला वेळ घेतात. उन्हातून आत आल्यावर मुलाला दारात जरा थांबू द्या, हात धरून ओढू नका.

घरात पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या काठावर विरुद्ध रंगाची पट्टी, पांढऱ्या बेसिनवर रंगीत साबण, काचेच्या दारावर डोळ्याच्या उंचीवर स्टिकर. खेळताना भडक रंगाचा मोठा चेंडू, आधी घरंगळत मग टप्पा देऊन, थेट अंगावर फेकलेला झेल ही सगळ्यात शेवटची पायरी.

शाळेत

बाक कुठला हे मानेवरून ठरवा. मूल मान उजवीकडे वळवून बघत असेल तर त्याची नजर डावीकडे असताना डोळे सगळ्यात कमी हलतात, म्हणजे फळा त्याच्या डावीकडे येईल असं बसवा, मग मान कमी वळवावी लागते. ही मान फारच वळलेली असेल तर त्यावर स्नायूंचं ऑपरेशनही असतं, ते डॉक्टरांशी बोलून. शिक्षकांकडून मी तीन गोष्टी मागितल्या: फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोला, नोट्स आधी द्या, आणि "हे बघा, ते तिकडे" असं न म्हणता नाव घेऊन सांगा. परीक्षेत जादा वेळ आणि मोठ्या अक्षरांचा पेपर लेखी मागून ठेवा. थकवा, ताप, टेन्शन यात निस्टॅग्मस वाढतो, म्हणजे परीक्षेच्या दिवशी नजर नेहमीपेक्षा थोडी वाईट असू शकते आणि तिसऱ्या तासाला आणखी. पाच-दहा मिनिटं डोळे मिटून बसायची परवानगी हवी.

वर्गमित्रांनाही एक सांगून ठेवलेलं बरं, की ती मैदानात तुमच्याकडे बघून हसली नाही तर ते शिष्टपणा नाही, चेहरा दिसलेला नसतो, नाव सांगून हाक मारा.

कशाला थांबायचं नाही

बुबुळात पांढरी चमक, अचानक नजर कमी होणं, डोळा दुखून लाल होणं, डोळ्यांचं हलणं सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू होणं किंवा एकाच डोळ्यात असणं, सोबत उलट्या-डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर "अल्बिनिझमच आहे" म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा. मुलाला जरा लागलं की मोठे काळे-निळे डाग पडतात किंवा नाकातून वारंवार रक्त येतं तर तेही सांगा. अल्बिनिझमचा एक दुर्मिळ प्रकार आहे, हर्मान्स्की-पुडलाक, त्यात रक्त नीट थांबत नाही, आणि कोणत्याही ऑपरेशनच्या आधी, दात काढण्याच्याही आधी, ते माहीत असायला हवं. अशा मुलांना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. वारंवार मोठे जंतुसंसर्ग होत असतील तर त्याचीही वेगळी चौकशी लागते. कातडीसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी आणि मग दर दोन तासांनी परत.

रंग आणणारे थेंब, डोळ्यांचे व्यायाम, पट्टी बांधून "नंबर घालवणं" असलं काही कोणी सांगितलं तर पैसे खिशात ठेवा. पट्टी फक्त एक डोळा आळशी पडला असेल आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तरच.

मुलाला स्वतःचं वाक्य शिकवणं हे मी फार उशिरा केलं. "मला कमी दिसतं" यातून समोरच्याला काही कळत नाही, तो घाबरतो किंवा बोटं दाखवून किती ते विचारतो. त्यापेक्षा "मला एवढ्या अंतरावरून वाचता येतं, मी जवळ येऊन बघू का?" आम्ही हे घरात पाहुण्यांवर प्रॅक्टिस केलं, आधी मी बोलायचे, मग ती अर्धं, मग ती पूर्ण.

मागच्या तपासणीला आम्ही नवीन ठिकाणी गेलो होतो. तिथल्या मुलाने नेहमीप्रमाणे पुठ्ठा उचलला आणि तिच्या डाव्या डोळ्यापाशी आणला, मी तोंड उघडणार इतक्यात ती म्हणाली, "दादा, आधी दोन्ही डोळ्यांनी घ्या, झाकलं की माझे डोळे जास्त हलतात. आणि मी मान वळवून वाचणार आहे." त्याने पुठ्ठा खाली ठेवला. ती मान वळवून वाचायला लागली.